नवकिरण सोसायटीची हिरवळ

"माणसाची संस्कृती त्याच्या कंपाउंडच्या भिंतीवरून कळते," असं नवकिरण गृहनिर्माण सोसायटीचे अध्यक्ष घनश्यामजी पटले यांनी २००८ च्या श्रावणात भर सभेत जाहीर केलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या भिंतीवर वाळत असलेलं शेजारच्या सुशिलाबाईंचं लुगडं वाऱ्याने सुटलं आणि अध्यक्षांच्या डोक्यावर येऊन बसलं. पुढचं भाषण ते लुगड्यातूनच बोलले. कोणाला काही नीट ऐकू आलं नाही, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

ठराव असा: समोरच्या भिंतीवर कपडे, वड्या, गोवऱ्या काहीही दिसता कामा नये. सगळ्या भिंती फिक्या पिवळ्या. आणि पोळ्याला दारात पळसाचे मेढे लावायचे नाहीत.

आमची कॉलनी फुलचुर गावात. राहणारे बहुतेक खेड्यांतून आलेले, नोकरीत टाय लावून निवृत्त झालेले. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या खोचल्या की घरातली दुखणीखुपणी रात्रभर त्यांत गोळा होतात. पहाटे त्या उपटायच्या आणि पीडा नेणाऱ्या नारबोदेच्या नावाने ओरडत शिवेबाहेर फेकून यायच्या, हे आमच्या रक्तातलं. टाय नंतरचा.

"काऊन जी, मेढ्यानं तुमच्या संस्कृतीले का होते?" सुशिलाबाईंनी विचारलं.

"गावंढळ दिसते, बाई. पब्लिक क्या बोलेगी?"

पब्लिक म्हणजे नागपूरचे पाहुणे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या दुर्गेश्वरीला बघायला ते येणार होते. आधीचं स्थळ आलं तेव्हा गेटात एक म्हैस आडवी बसली होती. ते लोक गाडी वळवून गेले ते गेलेच. या खेपेचा मुलगा दुर्गेश्वरीच्या कॉलेजातला, तिला मनापासून पसंत. ही गोष्ट कॉलनीत एकट्या अध्यक्षांना माहीत नव्हती. तेव्हा पोरीखातर आम्ही भिंती पिवळ्या केल्या. वड्या गच्चीवर गेल्या.

मेढे मात्र लागलेच. मागच्या दाराला लावले. मागच्या दाराबद्दल ठरावात काही नव्हतं, असं सेक्रेटरी रत्नपाल मेश्रामांनी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. त्यांच्या घरी मेढे लावत नाहीत, त्यामुळे त्यांचा सल्ला निःपक्षपाती समजला गेला.

पहाटे अडचण आली. ओरडलं तर मेढे लावल्याचं अध्यक्षांना कळणार. मग प्रत्येकाने आपले मेढे गुपचूप उपटले, चोरासारखे नेले आणि गेटाजवळ टाकले. शिव कुठली, यावर कोणी फार विचार केला नाही. कॉलनीची हद्द संपते, ती शिव.

अध्यक्षांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अशोकाची रोपं लावली होती. ती फुलचुरातल्या बकऱ्यांनी खाल्ली आणि लोखंडी पिंजरे तेवढे उरले. पाहुणे दहाला येणार, पिंजरे मोकळे. अध्यक्षांनी मुलाला, पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भुपेंद्रला, हुकूम सोडला, "यात काही तरी हिरवं उभं कर."

भुपेंद्रला गेटाजवळ ताज्या हिरव्या फांद्यांचा ढीग सापडला. त्याने तो देवाची कृपा समजून पिंजऱ्यांत उभा केला, ओळीने, गेटापासून थेट आपल्या दारापर्यंत.

"भाऊजी," सुशिलाबाई फाटकाआडून हळूच म्हणाल्या, "माह्या गुडघ्याची पीडा घनश्यामजीच्या दारात उभी हाय."

"सोसायटीच्या सुशोभीकरणात सभासदांनी ढवळाढवळ करू नये," रत्नपालजी म्हणाले. "तुम्हीच हात वर केला होता."

दहाला गाडी आली. पुढे मुलाचा बाप, मागे मुलगा आणि त्याची आजी रुख्माबाई. आजी मूळची देवरीकडच्या खेड्यातली. गाडी गेटात शिरली आणि आतून आवाज आला, "थांबव!"

आजीने काचेतून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"कोनाचे मेढे होत हे?"

अध्यक्ष हात जोडून पुढे आले. "प्लांटेशन है, माताजी."

"पलान्टेसन? अर्ध्या गावाची पीडा रस्त्यावर रोवून ठेवली, अन् माह्या नातवाले त्यातून नेऊन राहिले? मी नाई येत बाप्पा. गाडी वळव."

दुर्गेश्वरी वरच्या खिडकीत उभी होती. मुलाने एकदा वर पाहिलं. तिने एकदा खाली पाहिलं. अध्यक्षांनी दोघांनाही पाहिलं, आणि कॉलनीला ठाऊक असलेली गोष्ट त्यांना तिथेच कळली.

त्यांनी टाय सोडला, पहिल्या पिंजऱ्यातला मेढा उपटला आणि ठरावाचे तुकडे होतील अशा आवाजात ओरडले, "ईडा पीडा, खासी खोकला, घेऊन जाय गे नारबोद!"

मग कोण थांबतो? आम्ही आपापले मेढे ओळखून उपटले. दोघांत एका मेढ्यावरून वाद झाला. दोघांनाही तो स्वतःचा नको होता. भुपेंद्रच्या हातात सगळ्यात मोठी फांदी दिली. रत्नपालजी बघायला म्हणून सोबत आले.

पुढे रुख्माबाई. "इथं नाई, खरी शिव दाखवा," असं म्हणत त्यांनी आम्हाला धानाच्या बांध्यांतून, गुडघाभर चिखलातून नाल्यापलीकडे नेलं. तिथे मेढे फेकले, घसा बसेपर्यंत ओरडलो आणि मागे न बघता परतलो. सुशिलाबाईंचा गुडघा दुखत नव्हता, की त्या विसरल्या होत्या, ते कळलं नाही.

घरी आल्यावर आजींनी पिशवीतलं कोरडं लुगडं नेसलं, खुर्चीवर बसल्या आणि पोहे घेऊन आलेल्या दुर्गेश्वरीला जवळ बसवून घेतलं. पोरगी चांगली आहे, म्हणाल्या. बापही ओरडतो बरा.

अध्यक्षांचे डोळे भरून आले. "माताजी, आणखी काही सेवा? काहीही सांगा."

आजींनी चिखलाने भरलेलं, पाणी ठिबकणारं नऊवारी त्यांच्या हातात ठेवलं.

"एवढं खंगाळून तुह्या समोरच्या भिंतीवर वाळत टाक, बाप्पा."