धाकटीच्या चौदा काळ्या ओळी

मित्रांनो, मी एका इंग्रजी कथासंग्रहाची जुनी प्रत आहे. माझ्या पाठीवर लाल पट्टी आहे आणि तिच्यावर लिहिलंय, ‘वाचनकक्षातच वाचावे’. थोडक्यात, मला कुणी घरी नेत नाही.

आम्ही दोघी बहिणी. एकाच दिवशी छापलेल्या, एकाच खोक्यातून या संध्याकाळच्या महाविद्यालयात आलेल्या. इथे नोकरी आणि घर सांभाळून लोक शिकायला येतात. इंग्रजी साहित्याच्या वर्गात ‘विशेष विषय’ नावाचा एक पेपर असतो. तो दर सत्राला बदलतो. कधी समुद्र, कधी युद्ध, कधी पत्रं. आमच्या वेळी होता ‘साहित्यातली घरं’. विषय बदलला की त्याच्या पुस्तकांना कुणी विचारत नाही. आमच्या वाट्याला कामाचे सहा महिनेच होते.

ग्रंथपालबाईंनी खोकं उघडलं. वर मी होते, म्हणून मला लाल पट्टी. खालच्या धाकटीला निळी. “ही इथे राहील, ती घरी जाईल,” बाई म्हणाल्या आणि चहा प्यायला गेल्या.

आधी मी फुगूनच गेले. काउंटरमागच्या कपाटात माझी जागा. ओळखपत्र ठेवल्याशिवाय मी कुणाच्या हाती जात नसे, आणि तेही दोनच तास. “हात कोरडे आहेत ना?” बाई विचारायच्या. कणा मोडेल म्हणून मला झेरॉक्सच्या काचेवर पालथं घालायला किंवा पसरून फोटो काढायलासुद्धा मनाई होती. इतकी काळजी बघून लोक मला मागेनासेच झाले.

धाकटीला मात्र एकीनं नेलं. वर्गात सगळ्यांत उशिरा येणारी आणि सगळ्यांत आधी पळणारी ती. सकाळी दवाखान्यात नावं लिहून घ्यायची, घरी दीड वर्षाची लेक. दर पंधरवड्याला ती मुदत वाढवायला यायची, तेव्हा धाकटी घटकाभर माझ्या शेजारी टेकायची. तिला बाळाच्या पावडरीचा वास यायचा. समासात पेन्सिलीनं मराठीत लिहिलेलं असायचं, ‘हिला कुणी विचारलं का?’ आणि एका ठिकाणी, ‘अगदी आमच्या सासूबाई!’ खूण म्हणून आत बाळाची केसांची रिबीन.

“ती मला मोठ्यानं वाचते,” धाकटी सांगायची. “एका हातानं दूध ढवळते, दुसऱ्या हातात मी. लेक ऐकत ऐकत झोपते गं.”

“तुझा कोपरा दुमडलाय,” मी म्हणायची.

“हो! तिनंच दुमडला.”

खोटं कशाला सांगू, माझा नुसता जळफळाट व्हायचा. माझे चारही कोपरे धारदार होते, आणि ते बघायला कुणी नव्हतं.

सत्र संपत आलं तशी एके दिवशी ती काउंटरशी आली. चेहरा उतरलेला.

“बाई, यातलं शेवटचं पान गेलं.”

“गेलं म्हणजे?”

“लेकीनं खाल्लं. मी बोट घालून काढलं थोडं, पण वाचण्यासारखं नाही उरलं.”

“अगं बाई! पचलं का तिला?”

“तिला पचलं. मलाच नाही पचायचं. उद्या निबंध द्यायचाय, त्याच गोष्टीवर.”

ती गोष्ट एका बाईची. दुसऱ्या गावी नोकरी धरायला ती निघते, आणि कुलूप नीट लागलंय का ते बघायला तीनदा अर्ध्या वाटेवरून परत येते. चौथ्यांदा परत फिरते का, ते फक्त शेवटच्या पानावर आहे. निबंधाचा प्रश्नही तोच. वर्गातल्या कुणी शेवट सांगितला असता, पण सरांना गोष्ट नको असते. “वाक्य दाखवा,” म्हणतात. हा तिचा शेवटचा पेपर होता. यात राहिली, तर पुढच्या सत्रात नवा विषय, नवी पुस्तकं, सगळं पहिल्यापासून. तेवढी उसंत तिला पुन्हा कुठून मिळणार?

बाईंनी मला काढलं. मित्रांनो, त्या क्षणी मला बहिणीच्या फाटलेल्या पानाचं जराही वाईट वाटलं नाही. आली शेवटी माझ्याकडे, एवढंच वाटलं.

माझं शेवटचं पान कागदावर उतरवून ती ते धाकटीत चिकटवणार होती. म्हणजे इथेही धाकटीच! मग मीही अंग ताठ केलं. शेवटच्या गोष्टीपर्यंत मला कुणी कधी उघडलं नव्हतंच. तिनं हात काढला की मी मिटायची. तिनं माझ्यावर डबा ठेवला, मी तो घसरवला. दर वेळी तिची ओळ हरवायची. निळ्या शाईनं ती लिहीत गेली, आणि चौदा ओळी उरल्या असताना घंटा झाली. फाटकाशी नवरा लेकीला घेऊन उभा होता. “उद्या वर्गाआधी येते,” ती म्हणाली, आणि बोटं चोळत निघून गेली. तिची बोटं माझ्यामुळे दुखत होती.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची पाळी बदललेली. ती लेकीला कडेवर घेऊनच आली.

“मूल आत चालत नाही,” बाई म्हणाल्या.

“मग इथेच उभी राहून लिहू का? वीस मिनिटं आहेत फक्त, आणि निबंधात वाक्याची जागा अजून कोरी आहे.”

बाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग लेकीकडे. “द्या इकडे. काय खाते ही? कागद सोडून सांगा.”

तिचं पेनही संपलेलं. बाईंचं काळं पेन घेऊन ती बसली, दोन्ही तळहात माझ्यावर टेकवले आणि पुटपुटली, “उघड गं बाई माझी.”

इतक्या दिवसांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मी अंग सैल सोडलं. कडकन आवाज झाला. माझा कणा मोडला आणि मी सपाट पसरले. तिनं चौदा ओळी सरसर उतरवल्या. शेवटची ओळ तिनं मोठ्यानं वाचली, हळूच, जणू लेक झोपली आहे. ती मी ऐकली. गोष्टीतली ती बाई चौथ्यांदा परत फिरली की नाही, ते मी सांगणार नाही. वाक्य दाखवायचं असतं.

ती पास झाली. पुढच्या सत्राला विषय आला नद्यांचा. आता दोन प्रती कशाला, म्हणून बाईंनी चिकटवाचिकटवी झालेल्या धाकटीवर ‘रद्द’चा शिक्का मारला. जिंकले, असं मला वाटलं. ती प्रमाणपत्र न्यायला आली तेव्हा बाई तिला म्हणाल्या, “ही तुम्हीच न्या. हिचं एक पान तुमच्या लेकीच्या पोटात आहे, एक तुमच्या हातचं.”

धाकटी कायमची घरी गेली. मी अजून इथे आहे, आणि अजून जळते.

पण तिच्या शेवटच्या पानावर निळी शाई संपून चौदा ओळी काळ्या होतात. त्या काळ्या का आहेत, ते मलाच ठाऊक आहे. अक्षर तिचं आहे, पण त्या माझ्यातून उतरलेल्या आहेत. तेवढी मीही त्या घरात राहते.

म्हणून सांगते मित्रांनो, पुस्तकं जपा. त्यांची पानं बाळाला भरवू नका. पण कुणी हातच लावू नये, इतकंही जपू नका. मी आता मागच्या कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात असते. विषय नसला तरी या. ओळखपत्र लागेल, तास दोनच मिळतील. हातात धरलंत की मी आपोआप शेवटच्या पानावर उघडते. आणि लेकरू असेल तर तेही आणा, बाई घेतात.