तिसऱ्या खणातली डिस्क

"हात नका लावू सर, चालू हाय ते," अतुल म्हणाला, तेव्हा देवेशरावांचा हात यंत्राच्या खणापर्यंत पोचला होता.

"चालू आहे म्हणजे काय? दोन दिवस खराब डिस्क आत ठेवून बसलायस. तीन वाजता विश्वस्त येणार. त्यांना काय दाखवू, तुझा हा पसारा?"

"संध्याकाळपर्यंत होतंय. तवर जुनी काढायची नाय."

देवेशराव आमच्या संस्थेचे सचिव. अतुल संगणक सांभाळणारा, करारावरचा. मी निवृत्त ग्रंथपाल. संस्थेने जमवलेल्या मुलाखतींची सूची करतो. लासूर स्टेशनचे हमाल, बिडकीनच्या सुइणी, पैठणचे विणकर, असे चौदाशे तास. बोलणाऱ्यांपैकी निम्मे आता हयात नाहीत. सगळ्या मुलाखती एकाच यंत्रात चार डिस्कांवर होत्या. प्रत्येकीच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कांवर. त्यातली तिसरी बिघडली होती. अतुलने पाचव्या, रिकाम्या खणात नवी डिस्क बसवली होती आणि यंत्र बंद न करता तिसरीतलं सगळं तिच्यावर उतरवायला लावलं होतं. वरच्या कक्षात विद्यार्थी मुलाखती ऐकत होते, त्यांना पत्ताही नव्हता. अतुलने मला असं समजावलं होतं. माझ्या समजुतीत काही राहून गेलं असेल.

बाहेर कुठेतरी आणखी एक प्रत ठेवावी, असा अर्ज त्याने दोनदा दिला होता. दोन्हींवर देवेशरावांचा शेरा होता, 'आवश्यकता नाही.'

"यातलं काही गेलं ना," देवेशराव म्हणाले, "तर तुझी पुढची अकरा महिन्यांची ऑर्डर निघणार नाही. सहा वेळा काढली, उपकार म्हणून."

"उपकार कशाचे सर? काम केलं."

"बघा केशवराव, जीभ बघा. यांना जरा खुर्ची दिली की असं होतं."

मी सूचीत डोकं घातलं.

एवढ्यात वाचनकक्षाच्या आशाबाईंनी वरून हाक मारली. कुणाचा तरी संगणक अडला होता. अतुल उठला. "काका, पाच मिनिटं लक्ष ठेवा," असं मला म्हणून गेला.

तिसऱ्या खणाचा दिवा नुसता मंद जळत होता. दुसऱ्या खणाचा सारखा फडफडत होता. देवेशराव वाकले. "हीच ती. बघा, कशी तडफडतेय."

जी फडफडते ती काम करते, हे अतुलने मला सकाळीच सांगितलं होतं. मी म्हणालो, "देवेशराव, मला वाटतं, म्हणजे माझी चूकही असेल, पण बहुधा..."

वाक्य संपेपर्यंत डिस्क त्यांच्या हातात होती.

अतुल परत आला. त्याने आधी खण पाहिला, मग त्यांचा हात.

"दुसरी काढली."

"तूच म्हणालास ना, खराब आहे?"

"आता परत खुपसू नका. टेबलावर ठेवा आन् बाजूला व्हा." तो बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिसरीची चांगली प्रत ह्या दुसरीवरच होती, ती गेली काका. राहिलेलं आता ह्या बिघडलेलीकडूनच घ्यायचं. दम धरला तर धरला."

वरचं ऐकणं थोडं थांबवा, असं त्याने देवेशरावांना सांगून पाहिलं. "विश्वस्तांसमोर बंद कक्ष दाखवू?" एवढंच उत्तर मिळालं. त्याने माझ्या टेबलावरचा पंखा उचलला आणि यंत्रासमोर धरला. तीन वाजता विश्वस्त आले, वर जाऊन एका सुइणीची मुलाखत ऐकली, देवेशरावांचं कौतुक केलं आणि गेले. अतुल हलला नाही. पावणेसहाला तिसरीतलं शेवटचंही नवीवर उतरलं. मग त्याने दुसरी डिस्क कोरी करून परत जोडली, नवीवरची प्रत तिच्यावर उतरवायला लावली आणि रात्रभराची तपासणी लावली.

तेवढ्यात देवेशराव टाइप केलेला कागद घेऊन आले. 'श्री. अतुल यांच्या निष्काळजीपणामुळे चुकीची डिस्क निघाली.' खाली साक्षीदाराची जागा रिकामी होती.

"केशवराव, तुम्ही इथेच होतात."

मी पेन घेतलं. 'मला स्पष्ट दिसले नाही' असं लिहिलं आणि सही केली.

अतुलने कागद दोनदा वाचला.

"अक्षर चांगलं हाय काका. चष्मा तेवढा बदला."

त्याने पिशवी खांद्याला लावली. दारातून म्हणाला, "सकाळी पडद्यावरचा शेवटचा, चुकांचा आकडा बघा. शून्य पायजे. वहीत लिवून ठेवा. मी नसेन."

सकाळी आकडा शून्य होता. चौदाशे तासांतलं काहीही गेलं नव्हतं. मी यंत्राची वही उघडली. तारीख लिहिली, आकडा लिहिला, काम करणाऱ्याच्या रकान्यात अतुल धोंडिबा खंडागळे असं पूर्ण नाव लिहिलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. चष्मा पुसला. मग लिहिलं, 'दुसरी डिस्क सचिवांनी काढली. मी पाहिले.'

ती वही अतुलशिवाय कोणी उघडत नसे. शाई वाळू दिली आणि मी ती कपाटात ठेवली.