एका नावाचे आम्ही दोघे

मित्रांनो, मी एक जुना हंसराज आहे, नेच्याच्या जातीचं रोप. नावावर जाऊ नका, माझी उंची जेमतेम वीतभर. कपिलधारच्या धबधब्याशेजारी एका ओल्या कपारीत माझा जन्म झाला. मला फूल नाही, बी नाही. पानांच्या कडेखाली बारीक भुकटी धरते, तीच माझी पोरंबाळं. माझ्या काड्या काळ्या, पाती नाजूक. शेजारच्या रोपाच्याही काड्या काळ्या, पाती नाजूक. लोक त्यालाही हंसराजच म्हणतात. आम्ही सख्खे नव्हे, चुलत. पण माणसांना तेवढं कुठलं कळायला!

डोंगराखालच्या छबुबाई वर्षानुवर्षं आमची पानं खुडून बीडला मन्मथप्पांच्या काष्ठौषधीच्या दुकानात देत. खोकल्याच्या काढ्यात माझं पान पडतं, याचा मला फार अभिमान होता. खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी गिऱ्हाइकं कुरकुरू लागली, "आप्पा, काढ्याला पयल्यासारखा गुण न्हाई." मन्मथप्पांची मुलगी कावेरी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिनं येऊन आमची दोन-दोन पानं नेली, वाटून स्पिरिटमध्ये भिजवली आणि रसाचा थेंब-थेंब कागदावर चढू दिला. तो कागद तिनं इथं, माझ्यासमोरच छबुबाईंना दाखवला. माझ्या रसाच्या पाच रेघा उमटल्या होत्या, शेजाऱ्याच्या तीन.

"मावशी, पाच रेघांचा खरा, पुस्तकातबी पाचच हायेत. दुकानात आता त्योच द्यायचा."

मी आनंदानं थरथरलो. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला ओळखलं होतं!

"पर ताई, डोळ्यानं कसा वळखू?" छबुबाईंनी विचारलं.

"डोळ्यानं न्हाई कळत, मावशी. कागदावरच कळतंय," असं म्हणून कावेरी घाईनं निघून गेली. पुढचं तिनं काही सांगितलं नाही.

आज छबुबाई पोतं आणि खुरपं घेऊन आल्या आहेत. सोबत सून मोहिनी आहे.

"आत्याबाई, पानं खुडायची न्हाईत का?"

"आता आपून कावून पान-पान खुडत बसावं? लई येळ जातो. मुळासकट समदं घे. ताई निवडतील कागदावर."

छबुबाईंचं तरी काय चुकलं? त्यांना जेवढं सांगितलं, तेवढंच त्या करत आहेत. पण माझा चुलतभाऊ पोत्यात गेला, मित्रांनो. वरच्या कपारीतली माझी पोरंही गेली. मला हाक मारता येत नाही, पळता येत नाही. मला खूप भीती वाटते आहे.

पान खुडलं तर पान पुन्हा येतं. मूळ गेलं की सगळं गेलं. उद्या कावेरीच्या कागदावर माझ्या पाचही रेघा सुरेख उमटतील, आणि इथं नुसता ओला दगड उरेल. तुमच्यापैकी कुणीतरी तिला फोन करा. म्हणावं, मावशींना एवढंच सांग, मुळाला हात लावू नका. उद्या नको, आत्ताच करा. खुरपं माझ्या मुळाशी आलं आहे.