खोट विचारणारी ताईबाई

साल दोन हजार बावीस. करोनाचा मास्क लोकांच्या नाकावरून हनुवटीवर उतरला होता, आणि शिरपूरच्या दुकानवाल्या सुकदेवभाऊंच्या मेघाचं लग्न चोपड्याच्या अमृतशी ठरलं होतं. मुलगा जळगावात बँकेत, घरी केळीचं शेत. आई लहानपणीच गेलेली, आत्या धुरपदाबाईने वाढवलेला. स्थळात बोट ठेवायला जागा नव्हती. बोट ठेवायला जागा होती ती मेघाच्या डोळ्यांत.

मेघाला सहा नंबरचा चष्मा होता. करोनात मास्कमुळे त्याच्या काचांवर सारखी वाफ धरायची म्हणून तिने लेन्स घ्यायला सुरुवात केली. मुलीला बघायला पाहुणे आले त्या दिवशीही तिच्या डोळ्यांत लेन्सच होत्या. कोणी विचारलं नाही, म्हणून तिच्या आईने, ताईबाईने, सांगितलं नाही.

ताईबाई म्हणजे संशयाची बाई. दुधात पाणी, मापात खोट, रिक्षावाल्याच्या बोलण्यात डाव, सगळं तिला आधी दिसायचं. सुकदेवभाऊ म्हणायचे, "तुले देवना बी भरोसा नही." बाजारात तिची एक रीत होती. लुगडं घ्यायचं असो की माठ, ती दुकानदाराला एकच विचारायची, "यामा खोट काय शे?" जो म्हणेल की काहीच नाही, त्याच्या दुकानाची पायरी ती उतरायची. जो म्हणेल, "मावशी, पहिल्या दोन धुण्यांत रंग जाईल," त्याच्याकडून घ्यायची. अख्ख्या शिरपूरच्या बाजारात तिची ही रीत ठाऊक होती.

चष्म्याच्या बाबतीत मात्र तिचं मन लहानपणापासून दुखरं होतं. ती स्वतः मुलगी होती तेव्हा चष्मेवाल्या पोरीला शाळेत 'बॅटरी' म्हणत, आणि घरात 'हिचं कसं व्हायचं' म्हणत. पाहुणे यायच्या दिवशी तिच्या आईने तिचा चष्मा पिठाच्या डब्यात लपवला होता. तो डबा माहेरीच राहिला. सासरी आलेली ताईबाई पहिली काही वर्षं चष्म्याशिवाय जगली. सासू कुठे आहे ते बांगड्यांच्या आवाजावरून ओळखायची, डाळीतले खडे बोटांनी शोधायची, चहा कपाच्या बाहेर ओतून हात भाजून घ्यायची. एकदा शेतात सुकदेवभाऊंनी झाडावरचा मोर दाखवला आणि ती झाडाच्या बुंध्याकडे बघून "किती छान" म्हणाली, तेव्हा त्यांना समजलं. ते पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी तिला नेऊन चष्मा करून आणला. पण तो ताईबाईने स्वयंपाकघरापुरताच वापरला. पाहुण्यांसमोर कधी नाही.

म्हणून तिने ठरवलं होतं, लग्नाआधी गुपचूप लेझरने मेघाचा नंबर घालवायचा. शिरपुरात गेलो तर गावभर होईल, धुळ्याला जाऊ.

धुळ्याच्या देवपुरात डॉक्टर मिसबाह यांचा दवाखाना होता. फोनवर त्यांनी सांगितलं होतं की तपासणीला लेन्स घालून येऊ नका. मेघाने सकाळी बसमध्ये लेन्स होत्या तशा ठेवल्या आणि धुळ्याच्या स्टँडवर उतरून काढल्या. चष्मा लावून दवाखान्यात शिरते तो ताईबाईने तिचा दंड धरला. समोरच्या बाकावरून आलेला धुरपदाबाईंचा आवाज तिने ओळखला होता! धुळ्याला लेकीकडे आल्या होत्या, मोतीबिंदू दाखवायला.

"चष्मा काढ," ताईबाई पुटपुटली.

मेघाने चष्मा पर्समध्ये टाकला. आता तिला माणसं म्हणजे रंगांचे ढीग दिसत होते. आईने "अक्कांच्या पाया पड" म्हटलं, तशी ती वाकली आणि धुरपदाबाईंच्या शेजारी बसलेल्या कोण कुठल्या बाईच्या पाया पडली. ती बाई गडबडून "सुखी राहा" म्हणाली. ताईबाईने मुलीला एक पाऊल सरकवलं, हसून वेळ मारून नेली, आणि माझेच डोळे दाखवायला आलोय असं सांगून टाकलं. धुरपदाबाई मेघाकडे नुसतं बघत राहिल्या.

आत डॉक्टरांना बघून ताईबाईच्या मनात पहिली पाल चुकचुकली. बाईंच्या स्वतःच्या नाकावर चष्मा! दुसऱ्यांचे चष्मे उतरवणारी बाई स्वतः का घालते?

डॉक्टर शांतपणे विचारत गेल्या. वय काय, नंबर वर्षभरात बदलला का, डोळे कोरडे पडतात का, घरात कोणाला डोळ्याचा आजार, कुठली औषधं चालू. मग विचारलं, "लेन्स वापरता का?"

दाराला नुसता पडदा होता. पडद्यापलीकडे धुरपदाबाई. ताईबाईने मेघाला बोलूच दिलं नाही. "नाही," ती म्हणाली, "कधीच नाही."

मेघाने आईकडे पाहिलं. तिला आईचा चेहरा दिसला नाही, पण आवाज ओळखीचा होता. तिने उठून मशीनवर हनुवटी टेकली.

मशीनवर बुबुळाचा नकाशा निघाला. डॉक्टर तो बराच वेळ बघत राहिल्या. बुबुळावरचा पारदर्शक पडदा एका बाजूला वेडावाकडा दिसत होता. लेन्स वापरून असा दिसू शकतो, त्या म्हणाल्या, पण तुम्ही तर वापरत नाही. मग हा पडदा मुळातच कमजोर असेल, आणि तसं असेल तर लेझर करायचंच नाही, कारण लेझर हाच पडदा थोडा आणखी पातळ करतो. दोन आठवड्यांनी परत या, पुन्हा नकाशा काढू. आज तारीख देणार नाही. ऑपरेशन झालंच तर पुढे काय काय होतं तेही त्यांनी सांगितलं. काही तास डोळे चुरचुरतील, पाणी येईल. काही महिने कोरडेपणा, वेळेवर थेंब टाकायचे. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतील, बहुतेकांची हळूहळू कमी होतात. थोडा नंबर कधी कधी उरतो. आणि चाळिशीनंतर वाचायचा चष्मा सगळ्यांसारखा लागणारच.

परतीच्या बसमध्ये ताईबाईचा संशय उकळत होता. दोन आठवडे कशाला? फेऱ्या मारायला लावायच्या. एवढे वाईट वाईट परिणाम कशाला सांगितले? अंगावर जबाबदारी नको म्हणून. का धुरपदाबाईंनीच काही कानात घातलं? मेघा खिडकीबाहेर बघत होती. "आई, मी लेन्स वापरते हे सांगायला हवं होतं," एवढंच ती म्हणाली. ताईबाईने ऐकलं नाही.

चार-आठ दिवसांत तिने जळगावातलं एक ठिकाण शोधलं. बाहेर मोठी पाटी, गारेगार हॉल, हसतमुख, टाय लावलेला तरुण. या वेळी मेघा लेन्स घालूनच आली होती. तिथल्या माणसांसमोरच बेसिनपाशी तिने त्या काढून डबीत ठेवल्या. कोणीही काही विचारलं नाही. एका मशीनवर नंबर काढला आणि तरुण म्हणाला, "लग्न कधी आहे? मग परवाच करून टाकू. बाकीच्या तपासण्या त्याच दिवशी होतील."

हे ताईबाईला हवं होतं तेच होतं. सही करायची तेवढी राहिली होती. आणि जुनी सवय तोंडातून बाहेर पडली. "भाऊ, यामा खोट काय शे?"

"खोट? काहीच नाही मावशी. शंभर टक्के. डोळे मिटायचे आणि उघडायचे."

ताईबाईचा पेन हातातच राहिला. आयुष्यभर असं म्हणणाऱ्याकडून तिने साधा माठ घेतला नव्हता, आणि इथे ती मुलीचे डोळे द्यायला बसली होती! तिच्या डोळ्यांपुढे धुळ्याची डॉक्टरबाई आली. कोणी न विचारता त्या बाईने सगळी खोट सांगितली होती. खोट लपवली होती ती कोणी? ताईबाईने.

ती उठली. तरुण मागून सवलतीचं काहीतरी सांगत होता. त्या पायऱ्या ती मागे न बघता उतरली. "चल," ती मेघाला म्हणाली, "धुळ्याले जाऊ."

डॉक्टर मिसबाहसमोर ताईबाई खाली मान घालून बसली. मुलगी रोज लेन्स वापरते, त्या दिवशी सकाळीही होत्या, बाहेर सासरची माणसं होती म्हणून मी खोटं बोलले. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला.

"पहिल्या दिवसापासून तुम्ही माझ्या चष्म्याकडे बघताय ना?" त्या म्हणाल्या. "माझा पडदा पातळ आहे. मला लेझर करता येत नाही. मी शिकत होते तेव्हा माझ्या सरांनी मला नाही म्हटलं, म्हणून आज मी तुम्हाला बघू शकते."

डॉक्टरांनी चष्मा परत नाकावर चढवला.

"ताई, माझ्यावर संशय घ्या. डॉक्टरवर घ्यायलाच हवा, हजार प्रश्न विचारा. पण स्वतः काही लपवू नका. मशीन आहे, तुम्ही दाखवाल तो डोळा ते मोजतं. लेन्सने दाबलेला डोळा दाखवला तर त्या चुकीच्या मापानेच पडदा कापला जाईल. तो परत शिवता येत नाही. आता दोन आठवडे लेन्स अजिबात नाही. फक्त चष्मा."

"दोन आठवडे?" ताईबाईने बोटांवर दिवस मोजले. "पुढल्या आठवड्यात बस्ता शे."

बस्ता म्हणजे लग्नाच्या कपड्यांची खरेदी, दोन्ही घरची माणसं एकाच दुकानात, दिवसभर समोरासमोर. मेघा पहिल्यांदाच ठामपणे बोलली. "मी चष्मा घालून येईन. लग्न मोडलं तर मोडू दे. मला डोळे पाहिजेत."

बस्त्याच्या दिवशी धुळ्याच्या कापड दुकानात मेघा जाड काचांचा चष्मा लावून शिरली, तेव्हा गादीवर बसलेल्या माणसांच्या माना वळल्या. अमृत बघत राहिला. धुरपदाबाईंनी हातातली साडी खाली ठेवली.

"आज दिसला चष्मा," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात तुनी पोर शेजारनी बाईना पाया पडनी, तवयच माले समजनं. मना एका डोयामा मोतीबिंदू शे, दुसरा चांगला शे."

धुरपदाबाई पुढे बोलत होत्या, आता सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं. चष्म्याचं त्यांना काही नव्हतं. पण डोळे लपवणारी माणसं आणखी काय लपवत असतील, या विचाराने त्यांची झोप गेली होती. पोरीला आजार असेल का, शिक्षण खरं असेल का, सगळ्यावर शंका आली. त्या वाट बघत होत्या, विहीण आपणहून कधी सांगते. आजही चष्मा लपवला असता तर साड्या न घेता उठणार होत्या.

ताईबाईने पिशवीत हात घातला, रुमालात गुंडाळलेला स्वतःचा चष्मा काढला आणि सगळ्यांदेखत डोळ्यांवर चढवला. तीस वर्षांत पहिल्यांदा, परक्या माणसांत.

"अक्का, खोट मन्ही शे, पोरनी नही," ती म्हणाली. "माले पिठाच्या डब्यानं असंच शिकवलं. पोरीलाबी मी तेच शिकवलं."

मग तिने पिठाच्या डब्याची, भाजलेल्या हाताची, मोराची सगळी गोष्ट सांगितली. सुकदेवभाऊंनी मोराचा किस्सा अर्ध्यातच हिसकावून घेतला. तिथं धुरपदाबाईंना हसू आवरेना. अमृतने हळूच मेघाला विचारलं, समोरची साडी कोणत्या रंगाची दिसते? "चष्म्यातून मोरपंखी," ती म्हणाली, "चष्म्याशिवाय नुसती हिरवी." अमृत म्हणाला, "मग मोरपंखीच घेऊ."

दोन आठवड्यांनी नकाशा निघाला तो सरळ, स्वच्छ. पडदा पुरेसा जाड होता, वाकडेपणा लेन्सचाच होता. ताईबाईला वाटलं, आता उद्याच होईल. डॉक्टरांनी तिला लग्नाची तारीख विचारली आणि हसून मान हलवली. हळदीच्या दिवशी डोळ्यांशी हळद, होमाचा धूर, काजळ, धूळ, रडणं, चोळणं, हे सगळं ऑपरेशननंतर नको. लग्न चष्म्यात करा, थंडीत निवांत या.

मेघाचं लग्न चष्म्यात झालं. फोटोवाल्याने दोनदा चष्मा काढायला सांगितलं, दोन्ही वेळा धुरपदाबाईंनी त्यालाच दटावलं.

ऑपरेशन त्या हिवाळ्यात झालं. बाहेर टीव्हीवर ताईबाई बघत होती, अर्थातच संशयाने. डोळ्यात बधिरतेचे थेंब, पापणी उघडी ठेवायला चिमटा, वर एक हिरवा दिवा. मेघाने नंतर सांगितलं की दुखलं नाही, दाब जाणवला, थोडा वेळ अंधारलं आणि जळका वास आला. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरले, पाणी वाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दवाखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ वाचलं आणि रडायला लागली. ताईबाई ओरडली, "चोळू नको!"

तर मंडळी, आपल्या घरातल्या मुलींचे चष्मे आपण कितीदा असेच लपवतो! डॉक्टरवर शंका घ्यावी, तो आपला हक्क आहे, पण ती प्रश्न विचारून घ्यावी. आपलं लपवून त्याचं उघडं करायला निघालो, तर त्याची किंमत आपल्याच माणसाला मोजावी लागते.

आता मेघा जळगावात असते. रात्री मोटारसायकलच्या दिव्यांभोवतीची वलयं काही महिन्यांत विरली, डोळे अधूनमधून कोरडे पडतात, थेंबांची बाटली पर्समध्ये असते. अमृत ती संपण्याआधी नवी आणतो. धुरपदाबाईंचा मोतीबिंदू निघाला, आता त्यांना दोन्ही डोळ्यांनी सगळ्यांच्या खोड्या दिसतात. जळगावची ती पाटी वर्षभरात उतरली, का ते कोणाला ठाऊक नाही. डॉक्टर मिसबाह अजून चष्मा लावूनच लोकांचे चष्मे उतरवतात, आणि बऱ्याच जणांना नाही म्हणतात. सुकदेवभाऊ मोराचा किस्सा दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात.

आणि ताईबाई चष्मा लावून बाजारात जाते. गल्लीतली कोणी लेझरचं विचारायला आली, की ती आधी तिला बसवते आणि सगळी खोट सांगते, चुरचुर, थेंब, वलयं, चाळिशीचा चष्मा, नाही म्हणणारी डॉक्टर. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणते, "आता तू सांग. तू काय लपवस?"