चालकाशी बोलू नये

ज्ञानोबाला दमायला आता काम लागत नव्हतं. तीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग ओढून जेवढा शीण आला नसेल, तेवढा गेल्या दोन महिन्यांत आगाराच्या खिडकीशी नुसतं बसून आला होता. सकाळी धाराशिवकडच्या वाशी गावाहून निघायचं, एका डुगडुगत्या टेबलाशी बसायचं, आल्या-गेल्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे आणि संध्याकाळी दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत प्रवाशासारखं बसून घरी यायचं. वाटेत प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय पत्र्यावर दाबला जाई. ब्रेक अर्थातच दुसऱ्याच्या पायाखाली असे.

कारण म्हणाल तर एवढंसं होतं. येरमाळ्याच्या अलीकडं समोरून उसाची ट्रॉली आली आणि त्याच्या गाडीचा उजवा आरसा तिला घासून फुटला. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. ‘ऊन डोळ्यावर आलं’ असं त्यानं जबाबात लिहून दिलं, तरी साहेबांनी डोळ्यांची तपासणी होईपर्यंत त्याला स्टिअरिंगवरून उतरवलं. आता तपासणीची तारीख आली होती. पास झाला तर निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं पुन्हा गाडी, नाहीतर तीन वर्षं ते टेबल. टेबलाच्या नुसत्या विचारानंच त्याला धाप लागायची.

त्याच्याबरोबरचा जुना ड्रायव्हर बब्रुवान याबाबतीत पोचलेला होता. त्यानं एका चिठ्ठीवर तपासणीच्या तक्त्यातली अक्षरं ओळीनं उतरवून दिली होती. “पाठ कर अन् घडाघडा म्हणून टाक. मी दोनदा असाच सुटलोय.” ज्ञानोबानं चिठ्ठी घेतली, पाठही केली. गरज म्हणून नव्हे, असं तो स्वतःला बजावत असे. त्याचे डोळे ठणठणीत होते. बिघडलं होतं ते कॉम्प्युटरचं कार्ड.

कॉम्प्युटर त्याच्या मुलाचा, उत्कर्षचा. इंजिनिअरिंगला असताना गेम खेळायला म्हणून त्यानं तो हट्टानं जुळवून घेतला होता. पुढं पुण्याला नोकरी लागली आणि ते धूड वाशीच्या घरात पडून राहिलं. अण्णा घरात गप्प गप्प असतात हे पाहून गेल्या खेपेला त्यानं त्यात बस चालवायचा गेम टाकून दिला आणि एक प्लॅस्टिकचं स्टिअरिंग टेबलाला आवळून दिलं. ज्ञानोबा आधी हसला. मग चिकटला तो चिकटलाच. गेममध्येही त्याची गाडी शिस्तीत चाले. थांब्यावर शेवटचा प्रवासी चढेपर्यंत तो दार लावत नसे, आणि आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवत असे.

त्याची बायको धुरपदा मागं खाटेवर तूर निवडत बसायची. पहिल्याच दिवशी ती काहीतरी बोलायला लागली, तेव्हा ज्ञानोबा मान न वळवता म्हणाला होता, “गाडीत काय लिहिलेलं असतंय? चालकाशी बोलू नये.” ती पदर तोंडाला लावून हसली. पण नवऱ्याच्या नोकरीचा मान ठेवणारी बाई ती. त्या दिवसापासून गाडी चालू असली की तिच्या तोंडून अवाक्षर निघत नसे.

गेममध्ये एकच खोट होती. उजवीकडून कधी गाय, कधी मोटारसायकल, कधी ट्रॅक्टर अचानक उगवायचा आणि गाडीवर आदळायचा. पडद्याची ती बाजू धुरकटही वाटायची. त्यानं उत्कर्षला फोन केला. “अण्णा, ग्राफिक कार्ड म्हातारं झालंय,” उत्कर्ष म्हणाला. “दहा वर्षांचं आहे. नव्या गेमचा भार त्याला पेलत नाही, म्हणून लांबच्या गोष्टी पडद्यावर उशिरा येतात. साधंसं दुसरं टाकून घ्या. पैसे मी पाठवतो.”

हे ऐकून ज्ञानोबाच्या छातीवरचा धोंडा उतरला. उशिरा दिसतं ते कार्डामुळं! तपासणीच्या आधी नवं कार्ड बसवायचं, एक अख्खी फेरी कुणाला धक्का न लावता पुरी करायची आणि मग ताठ मानेनं डॉक्टरपुढं बसायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

रविवारी त्यानं कॉम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन धाराशिवची गाडी धरली. कंडक्टर ओळखीचा. “ज्ञानोबा, लेकराचं अर्धं तिकीट काढू का?” म्हणाला. ज्ञानोबाला हसायचाही कंटाळा आला होता. येडशी मागं पडेतो त्याच्या मांड्या बधिर झाल्या.

शिवपुत्रचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान स्टँडपासून जवळच होतं. पोरगा तरुण, पण हात सराईत. त्यानं डबा उघडला आणि नाकाला रुमाल लावला. “काका, ह्यात पीठ दळता का काय?”

धूळ झाडून त्यानं दोन कार्डं पुढं ठेवली. पहिलं तीन पंख्यांचं, वापरलेलं, ताकदीच्या मानानं स्वस्त. ज्ञानोबानं ते उलटंसुलटं केलं, स्क्रूच्या डोक्यांवरून नख फिरवलं, वास घेतला. पंखे चकचकीत होते, पण स्क्रूची तोंडं झिजलेली होती आणि आतून करपल्याचा वास येत होता.

“ही गाडी लई पळालीय,” तो म्हणाला. “वरनं धुऊनपुसून उभी केलीय.”

शिवपुत्र ओशाळला. “खोटं न्हाय बोलत काका. रात्रंदिवस चाललेलं हाय ते. अन् तुमच्या ह्या डब्यातल्या पॉवर सप्लायला त्याची वायरच न्हाय. तो बी बदलावा लागंल.”

“म्हंजी इंजिन ट्रकचं अन् डिझेलची नळी लुनाची.”

“बरोबर. त्यापरीस हे घ्या.” दुसरं कार्ड लहान, दोन पंख्यांचं. त्याला वेगळी वायर लागत नव्हती, खाचेतून मिळेल तेवढ्या विजेवर ते चालणारं होतं. “गेम एकदम भारी दिसणार न्हाय, पण मधल्या सेटिंगवर न अडखळता चालंल. जुन्या मशीनला झेपंल तेवढंच द्यावं काका.”

ज्ञानोबाला हे बोलणं पटलं. जुन्या गाडीला झेपेल तेवढंच द्यावं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं एकच गोष्ट विचारली. “ह्यात उजवीकडचं येळेवर दिसंल ना?”

शिवपुत्रला प्रश्न कळला नाही. “उजवीकडचं म्हंजी? सगळीकडचं सारखंच दिसतंय की. कार्डाला कुठं डावं-उजवं असतंय?”

ज्ञानोबानं ते ऐकलं आणि कानाआड केलं. पोरगा लहान आहे, त्याला ड्रायव्हरचं काय कळणार, असं म्हणून त्यानं कार्ड बसवून घेतलं आणि पुन्हा मांडीवर डबा घेऊन वाशी गाठली.

तपासणी मंगळवारी होती. सोमवारी संध्याकाळी चहा घेऊन तो गेमपुढं बसला. चित्र खरंच सुधारलं होतं. रस्ता तुळतुळीत, लिंबाचं पान न् पान सुटं. दोन थांबे त्यानं झोकात घेतले. तिसऱ्या थांब्याच्या पुढं, सरळ रस्त्यावर, धाडकन आवाज झाला आणि गाडी थांबली. समोर ट्रॅक्टर आडवा.

“हात्तिच्या! आजून उशिराच दावतंय.” त्यानं पुन्हा सुरुवात केली. या वेळी मोटारसायकल. मग मात्र तो चिडून मागं वळला. “ही आली कुठनं? तू बघितली का?”

धुरपदानं पडद्याकडं पाहिलं. मग गाडी उभी आहे याची खात्री करून म्हणाली, “उजवीकडनं. त्या पुलावर हुती तवापासनं येतच हुती की.”

“नवं कार्ड हाय म्हणून तुला दिसली.”

“जुन्यात बी दिसायचं मला. गाय, ट्रॅक्टर, समदं.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमीच म्हनला हुता, चालकाशी बोलू नये.” ती खाली बघत म्हणाली. “मला वाटलं, खेळात मुद्दाम धडकायचं असंल.”

ज्ञानोबानं स्टिअरिंग सोडलं. मग म्हणाला, “हिकडं ये. माझ्या उजव्या अंगाला उभी ऱ्हा. आता हात हलव.”

त्यानं नजर पडद्याच्या मधोमध रोवली आणि वाट पाहिली. “हलीव की.”

“कवाची हलवतीय,” धुरपदा म्हणाली.

ज्ञानोबा घाबरला. तीस वर्षांत घाटात ब्रेक सैल झाले तेव्हासुद्धा तो असा घाबरला नव्हता. ऊन, धुरकट पडदा, म्हातारं कार्ड. एवढी सगळी नावं घेऊन झाली होती, फक्त डोळ्याचं घ्यायचं राहिलं होतं. त्या दिवशी ट्रॉली हातभर अलीकडं असती तर? उजव्या खिडक्यांना कॉलेजच्या पोरी बसल्या होत्या. एकीनं तर कोपर बाहेर काढलेलं होतं, त्यानंच आरडून तिला आत घ्यायला लावलं होतं.

मंगळवारी धुरपदा त्याच्याबरोबर धाराशिवला आली. दवाखान्यात मोठी रांग होती. नंबर आला तेव्हा डॉक्टर सकाळपासूनच्या गर्दीनं पेंगुळले होते. त्यांनी तक्त्यावर छडी ठेवली आणि ज्ञानोबानं अक्षरं घडाघडा म्हटली. एक डोळा झाकून म्हटली, दुसरा झाकून म्हटली, अगदी तळची बारीक ओळसुद्धा सोडली नाही.

“वा! या वयात छानच,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फॉर्म पुढं ओढला.

पेन कागदाला लागलं होतं. आणखी अर्धं मिनिट गप्प बसलं की तीन वर्षं गाडी आपली होती.

“साहेब, लिहू नका,” ज्ञानोबा म्हणाला. “तक्ता म्या पाठ केलाय. समोरचं दिसतंय मला. पर उजवीकडनं येणारं दिसत न्हाय.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग दुसऱ्या खोलीतलं मशीन झालं, डोळ्यांत थेंब टाकून झाले, पुन्हा थांबणं झालं. दुपारी त्यांनी सांगितलं की डोळ्यांच्या शिरा सुकल्यात. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं राखायची. गाडी चालवायची नाही. ज्ञानोबानं मान हलवली. त्याला रडू येईल असं वाटलं होतं, पण फक्त झोप आल्यासारखं झालं.

परतीच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागचं बाकडं रिकामं होतं. ड्रायव्हरच्या डोक्यावर ती पाटी होतीच, निम्मी अक्षरं उडालेली. ज्ञानोबानं धुरपदाला खिडकीशी, आपल्या उजव्या अंगाला बसवलं.

गाडी येडशी सोडून पुढं लागली. थेंबांमुळं त्याला सगळंच पांढरं दिसत होतं. धुरपदा सवयीनं तोंड मिटून बसली होती.

“बोल की,” ज्ञानोबा म्हणाला. “काय येतंय ते सांगत जा.”

“उसाची ट्रॉली येतीय,” धुरपदा म्हणाली.

त्याचा पाय पत्र्यावर दाबला गेला.

“गेली का?”

“गेली.”