बोर्गहिल्डबाईंच्या वाट्याच्या बाटल्या

आमच्या नॉर्वेत दारू इतकी महाग, की घरात लग्न ठरलं की आधी स्वीडनची फेरी ठरते. सीमेवरचा पूल ओलांडला की वाइन कितीतरी स्वस्त. मात्र परतताना माणशी ठरावीकच बाटल्यांवर कर माफ, म्हणून गाडीत डोकी भरून न्यायची. डोकं पिणारं असो की न पिणारं, हिशेबात सारखंच.

राग्नहिल्डच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या लग्नासाठी नातेवाइकांनी आपापला वाटा आणून ठेवला होता. शेवटची फेरी माझी आणि नवऱ्याची. आणि हे महाशय आदल्या दिवशी छपरावर चढले आणि पाय मोडून बसले. मी त्यांची चांगली खरडपट्टी काढली, पण त्यानं पाय थोडाच जुळणार होता? बाकी सगळे कामावर. वरपक्ष मासेमारी करणारा, पिण्यात पटाईत. पेला रिकामा दिसला की त्यांच्या मनातून उतरलोच आपण.

तेवढ्यात सासूबाई कोट चढवून गाडीत येऊन बसल्या. बोर्गहिल्डबाई, गावच्या दारूबंदी मंडळाच्या अध्यक्ष. कोटावर मंडळाचा चांदीचा बिल्ला. सभासदानं प्यायची नाही, विकत घ्यायची नाही, कुणाला पाजायचीही नाही, हा नियम त्यांनीच गावाला पाठ करून घेतलेला.

"आई, लोक काय म्हणतील?" मी विचारलं.

"माझ्या लग्नात नुसती कॉफी होती," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांचे, ओलाफचे भाऊ जेवणावरून उठून गेले, ते पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. राग्नहिल्डचं तसं नको. चल, गाडी काढ."

दुकानात त्यांनी प्रत्येक बाटली हातभर लांब धरून वाचली, आणि डोकं न दुखवणारी कोणती, म्हणून विक्रेतीला भंडावून सोडलं. पैसेही त्यांनीच दिले.

परतताना सीमेवर आम्हाला अडवलं. अडवणारा तोर्लाइफ. सीमाशुल्क खात्यात नोकरीला, आणि आमच्या नशिबानं मंडळाचा खजिनदार! सासूबाईंची अब्रू वाचवायला मी बोलून गेले की सगळ्या बाटल्या माझ्याच. मग निम्म्या माफीबाहेरच्या, न कळवता आणलेल्या म्हणून जप्त होतील, असं तो खालच्या आवाजात म्हणाला. त्याची नजर बिल्ल्यावरून हलत नव्हती.

सासूबाईंनी काच खाली केली.

"खोटं बोलू नकोस, सिग्रून. निम्म्या माझ्या आहेत, तोर्लाइफ. मी निवडल्या, मी घेतल्या, नातीच्या लग्नात मीच वाढणार आहे." त्यांनी कोटावरचा बिल्ला काढून त्याच्या हातावर ठेवला. "हा तुझ्याकडे राहू दे."

त्यानं बिल्ला खिशात टाकला आणि जायची खूण केली. मला सासूबाईंना घट्ट मिठी मारावीशी वाटली. पण आमच्याकडे सासवांना मिठ्या मारत नाहीत, आणि मी गाडी चालवत होते. मोठी बाई, एवढंच मनात येत राहिलं.

लग्नात वरपक्षाचे पेले त्यांनी स्वतः भरले. स्वतःच्या पेल्यात मनुकांसारख्या काळ्या बेरींचं सरबत. व्याही गाऊ लागले, घरी जायचं नाव घेईनात. तोर्लाइफही आला होता. तो हळूच त्यांच्याशेजारी बसला आणि बिल्ला टेबलावर त्यांच्यापुढे सरकवला. मंडळात कुणाला काही सांगितलं नाही, म्हणाला.

सासूबाईंनी बिल्ला परत त्याच्याकडे सारला.

"आत्ता नको," त्या उठून बाटली हातात घेत म्हणाल्या. "अजून वाढायचं राहिलंय. आणि मंडळात मीच सांगेन."