टाकीच्या झाकणावरचा स्क्रू

मेहुणीला पलीकडच्या काठावर तिच्या घरी सोडायला निघालो होतो. बायको गेल्यापासून ती माझ्याकडेच राहत होती. होडीही तेव्हापासून धक्क्यालाच होती.

"भावोजी, ही म्हातारी पोहोचवेल ना?"

"कोण, मोटार?"

"तिचंच विचारतेय. तुमचं मला माहीत आहे."

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवं भरलं होतं, फिल्टर धुतला होता. निघालो झोकात. मध्यावर मोटारीने आचके दिले आणि ती बंद पडली. पाण्याची ओढ दगडी बांधाकडे होती. नांगर टाकला, तो तळाच्या खडकावरून नुसता घसरत आला. मेहुणीला पोहता येत नाही. न सांगता तिने वल्हं उचललं.

मोटार सुरू करायची दोरी ओढून ओढून दंड भरून आले. प्लग काढला, तर कोरडा ठणठणीत. म्हणजे पेट्रोलच पोहोचत नव्हतं. नळीवरचा रबरी फुगा दाबला. पेट्रोल येत असलं की तो कडक होतो. हा चपटा झाला तो तसाच राहिला. नळी कुठे दुमडलीय का, चाचपत टाकीपर्यंत गेलो. कुठेच नाही.

"भावोजी, दगड!"

"दिसतात गं. तू वल्हव."

"वल्हवतेच आहे! ताई असती तर एव्हाना तुम्हालाच पाण्यात ढकललं असतं."

तिची ताई टाकीपाशीच बसायची. मी दोरीला हात घालण्याआधी वाकून झाकणावरचा बारका स्क्रू सैल करायची, टाकीत हवा जावी म्हणून. उतरताना आवळायची. पेट्रोल भरताना मी झाकण काढलं, परत लावलं, पण त्या स्क्रूकडे पाहिलंही नव्हतं. ते काम माझं नव्हतंच कधी.

बोटांनी हलेना. शेवटचा तिनेच आवळलेला. पक्कड लावली. फुस्स करून हवा आत गेली आणि माझ्या मुठीत फुगा भरायला लागला. कडक होईपर्यंत दाबला, प्लग बसवला. मेहुणी वल्हं दगडाला टेकवून होडी रेटत होती, तोंडाने मला शिव्या घालत. दोरी ओढली. मोटार खोकली. पुन्हा ओढली, तेव्हा धरली.

पलीकडे पोहोचलो. उतरताना मेहुणी टाकीकडे वाकली.

"हा आवळायचा ना?"

"नको. मला परत जायचंय."

"मग घरी गेल्यावर आवळा. आणि फोन करा."

"आवळल्याचा?"

"हो, आवळल्याचा."

घरच्या धक्क्याला लागल्यावर आवळला. बोटांनीच, फार घट्ट नाही. मग फोन केला.